वस्तीत ताजी भाजी आणायची तर दुकानाआधी वही काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरातल्या एका दाट वस्तीत साधारण 1500 घरं आहेत. किराणा मिळतो, वेफर्स-बिस्किटं-शीतपेयं तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, पण ताजी भाजी आणि फळं घ्यायला दोन किलोमीटर जावं लागतं. नगरपालिका एक छोटी जागा आणि एकदाच मिळणारा निधी द्यायला तयार आहे. रहिवाशांच्या गटात तीन मतं आहेत: मोठं सुपरमार्केट बोलवावं, गटाने स्वतः भाजी केंद्र चालवावं, किंवा मोकळ्या जागेत सामूहिक मळा करावा. आधी काय करायचं?

आधी यातलं काहीच नको. आधी एक वही आणि चार आठवडे द्या. असं उत्तर ऐकून उत्साह मावळतो हे मला माहीत आहे, म्हणून कारण सविस्तर सांगतो. मी आधी घाऊक बाजारात माल निवडायचं काम केलं आणि नंतर बरीच वर्षं अशाच वस्त्यांमध्ये भाजी पोचवायच्या योजनांवर. त्यातल्या निम्म्याहून जास्त योजना दुसरा वाढदिवस पाहू शकल्या नाहीत. पैसा संपला हे कारण सांगितलं जातं. खरं कारण बहुतेक वेळा मागच्या दाराशी, फेकायच्या टोपलीत दिसायचं.

भाजीच्या धंद्यात माणूस भाड्याने मरत नाही, घटीने मरतो. 100 किलो माल आणलात आणि त्यातला 30 किलो सुकून, दबून, सडून फेकला, तर उरलेल्या 70 किलोवर 100 किलोची खरेदी वसूल करायची असते. म्हणजे मजुरी, भाडं, नफा धरायच्या आधीच भाव जवळजवळ 43 टक्के चढला. घट 10 किलोवर राखली तर हाच चढ 11 टक्क्यांवर येतो. आता ज्या दुकानात दिवसाला मोजकी गिऱ्हाइकं भाजी घेतात तिथे काय होईल? माल पडून राहतो, भाव चढतो, चढलेल्या भावाची कोमेजलेली भाजी कोणी घेत नाही, आणि उद्या आणखी फेकावी लागते. आठवड्याभरात दुकानदार शहाणा होतो आणि ती जागा चिप्सच्या पाकिटांना देतो. पाकीट महिनोन्महिने टिकतं. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

या दुकानांतला फ्रिजही जरा नीट बघा. बऱ्याचदा तो दुकानदाराचा नसतो. शीतपेय कंपनीने तो फुकट दिलेला असतो, आणि त्यात फक्त कंपनीचाच माल ठेवायचा ही अट असते. ‘तुझ्याकडे फ्रिज आहे, मग त्यात पालेभाजी का नाही ठेवत?’ असं विचारून मी पूर्वी दुकानदारांशी वाद घातलाय. तो बिचारा हसून गप्प बसायचा.

तर ताजेपणा येतो उठावातून. सकाळी आलेला माल रात्रीपर्यंत संपतो त्या टपरीवर भाजी ताजी असते, मग वर छप्पर असो वा नसो. तुमच्यासमोरचा खरा प्रश्न जागेचा नाहीच. रोज ठरावीक माल उठेल याची खात्री कशी निर्माण करायची, हा आहे.

सुपरमार्केटबद्दल. हा मार्ग अनेक शहरांनी मोठे पैसे घालून चालून पाहिला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने 2004 मध्ये अशा भागांत किराणा दुकानं यावीत म्हणून खास वित्तपुरवठा योजना काढली आणि तिचं अनुकरण इतर राज्यांनी केलं. त्याच राज्यातल्या पिट्सबर्गमध्ये हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या भागात जवळजवळ तीस वर्षं पूर्ण आकाराचं सुपरमार्केट नव्हतं. 2013 मध्ये ते आलं, वाजतगाजत आलं, आणि 2019 मध्ये बंद झालं. संशोधकांनी तिथल्या कुटुंबांचा आहार दुकान यायच्या आधी आणि नंतर तपासला होता. साखरेसारख्या काही बाबतींत सुधारणा दिसली, पण फळं-भाज्यांचं प्रमाण काही वाढलं नाही. फिलाडेल्फियातल्या एका नव्या सुपरमार्केटभोवती 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचंही तेच: ‘आता भाजी मिळणं सोपं झालं’ असं लोक म्हणाले, ताटात मात्र फरक पडला नाही.

2019 मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने देशभरच्या खरेदीच्या नोंदी घेऊन हिशेब मांडला. गरीब कुटुंबांना श्रीमंत वस्तीतलीच दुकानं, तोच माल आणि तेच भाव मिळाले असं धरलं, तर दोन्ही गटांच्या आहारातली दरी किती मिटेल? जेमतेम 10 टक्के. उरलेलं सगळं मागणीच्या बाजूला, म्हणजे घरात काय घ्यायचं ठरतं तिथे.

हा आकडा हाती आला की काही लोक लगेच म्हणतात, ‘बघा, गरिबांना भाजी नकोच असते.’ मला त्याचा फार राग येतो. ‘मागणी’ या शब्दात आवड असते तशी थकवाही असतो. रात्री आठला घरी पोचणारी बाई, एकच शेगडी, सामायिक नळ, फ्रिज नाही, आणि नवीन भाजी आणली तर मुलं ती खातील की टाकतील याची धास्ती. ज्याच्याकडे पैसे मोजून आहेत तो प्रयोग करत नाही, कारण फसलेल्या प्रयोगाच्या रात्री घरात दुसरं जेवण नसतं. म्हणून भाव उतरला की काय होतं हे बघणं जास्त उपयोगाचं. मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पडेन काउंटीत 2011-12 मध्ये चिठ्ठ्या टाकून 7500 कुटुंबं निवडली. सरकारी अन्न-साहाय्याच्या कार्डावर त्यांनी फळं-भाज्या घेतल्या की किमतीच्या 30 टक्के रक्कम परत त्यांच्याच खात्यात जमा व्हायची. नवं दुकान नाही, भाषण नाही. ही सवलत न मिळालेल्या कुटुंबांपेक्षा या कुटुंबांतल्या मोठ्या माणसांचं त्या फळं-भाज्यांचं सेवन 26 टक्के जास्त निघालं. प्रत्यक्ष प्रमाणात ते दिवसाला पाव कप, म्हणजे चमत्कार नव्हे. पण नव्या इमारतीने जे साधलं नव्हतं ते पैशाच्या या छोट्या टेकूने साधलं.

तुमचा एकरकमी निधी सिमेंटमध्ये घालू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता अंतराचं बघू. नकाशावर वर्तुळं काढणारे लोक मला नेहमी भेटतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रसिद्ध व्याख्येत शहरातल्या माणसापासून सुपरमार्केट 1 मैलाहून, म्हणजे 1.6 किलोमीटरहून लांब असलं की तो ‘पोच कमी’ असलेला. या मोजणीत दोन खोट आहेत. मोजलं जातं ते फक्त मोठं दुकान. फेरीवाला, आठवडी बाजार, कोपऱ्यावरची टोपली यांना त्यात जागा नाही. दुसरी खोट म्हणजे परतीच्या वाटेवर हातात ओझं असतं हे नकाशाला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते. चार जणांच्या घराला हे दिवसाचे 1.6 किलो आणि आठवड्याचे 11 किलोच्या वर होतात. शिवाय धान्य, तेल, दूध वेगळं. आता हे दोन किलोमीटर चालत आणि वर तीन जिने चढून आणायचं. सत्तरीतल्या माणसाला तुम्ही अर्धा किलोमीटर लांब दुकान काढून दिलंत तरी त्याच्यासाठी ते लांबच. जपानमध्ये अशा म्हाताऱ्या माणसांना ‘खरेदी-निर्वासित’ असाच शब्द आहे. तिथे तोकुशिमा प्रांतातून 2012 मध्ये एक फिरतं सुपरमार्केट सुरू झालं: छोट्या ट्रकमध्ये शेकडो प्रकारचा माल, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दारात, आठवड्यातून दोनदा, आणि प्रत्येक नगामागे दुकानापेक्षा थोडी जास्त रक्कम. ती जास्तीची रक्कम लोक खुशीने देतात, कारण ट्रक येणार म्हणजे येणार ही खात्री त्यात मिळते.

हा ठरलेपणा सोनं आहे. तुमच्या 1500 घरांनी शिफारशीइतकं खाल्लं तर दिवसाला 2400 किलो लागेल. त्यातला विसावा हिस्सा जरी तुमच्याकडून गेला तरी 120 किलो. एवढ्या मालाला दुकान लागत नाही. दोन हातगाड्या पुरतात. पण त्या हातगाड्या रोज सकाळी अकराला कुठेतरी उभ्या राहण्यापेक्षा, कामावरून लोक परतताना, बस किंवा लोकल जिथे रिकामी होते तिथे, संध्याकाळी सहा ते नऊ उभ्या हव्यात. सकाळी अकराला घरी कोण असतं? तुमच्या सभेला येणारे लोक असतात, म्हणून सभेत सकाळची वेळ ठरते. न्यूयॉर्कने 2008 मध्ये फळं-भाज्यांच्या गाड्यांसाठी 1000 पर्यंत खास परवाने काढले आणि ते भाजी कमी खाल्ली जाणाऱ्या भागांपुरते बांधले. तरी त्या भागांतसुद्धा विक्रेते वर्दळ जिथे होती तिकडेच सरकले. सरकणारच. विक्रेत्याच्या पायांना उठाव कळतो. त्याला नकाशावरच्या रिकाम्या चौकोनात उभं करू नका.

इथे माझी एक चूक सांगायलाच हवी. सुरुवातीच्या काळात एका संस्थेबरोबर आम्ही एका वस्तीत दर शनिवारी फुकट भाजी वाटली. रांगा लागायच्या, फोटो छान यायचे. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की आठवड्यातून चार दिवस येणाऱ्या भाजीवाल्या मावशी दिसेनाशा झाल्यात. शनिवार हा त्यांचा कमाईचा दिवस होता आणि तो आम्ही खाल्ला. दोन महिन्यांनी आमचा निधी संपला, शनिवार बंद झाला, मावशी मात्र परत आल्या नाहीत. त्यांनी दुसरी वस्ती धरली होती. आम्ही यायच्या आधी त्या वस्तीत आठवड्याला चार दिवस भाजी येत होती, आम्ही गेल्यावर एकही दिवस नाही. तेव्हापासून कुठल्याही वस्तीत गेलो की माझा पहिला प्रश्न असतो, इथे आत्ता कोण विकतं? कोणीच नाही असं उत्तर मिळालं तरी मी दोन दिवस फिरतो. कोणीतरी सापडतंच. टोपलीत चार जुड्या घेऊन बसलेली एखादी आजी असते, संध्याकाळी सायकलवर येणारा एखादा मुलगा असतो. तुमची योजना त्या माणसाला मोठं करण्याची असावी. त्याला गिऱ्हाईक माहीत आहे, उधारी कोणाला द्यायची हे माहीत आहे, आणि तुम्ही थकलात तरी तो थकणार नाही, कारण त्याचं पोट त्यावर आहे. गटाने स्वतः केंद्र चालवायचं ठरवलं तर सहाव्या महिन्यात पहाटे चारला घाऊक बाजारात कोण जाणार या एकाच प्रश्नावर गट फुटतो. माझ्यासमोर तीनदा फुटलाय.

त्या विक्रेत्याला काय द्यायचं? सर्वात आधी घटीची हमी. पहिले दहा-बारा आठवडे, न खपलेल्या मालाच्या खरेदीची निम्मी किंमत निधीतून भरून द्यायची. निम्मीच, पूर्ण दिली तर कोण काळजी घेईल? ही हमी असली की तो थोडा जास्त आणि थोडा वेगळा माल आणायचं धाडस करतो. गिऱ्हाइकाला निवड दिसते आणि ‘इथे भाजी मिळते’ अशी सवय लागते. सवय लागायला जेवढे आठवडे लागतात तेवढ्यांचा खर्च तुम्ही उचलायचा, पुढे नाही. त्याबरोबर दोन-तीन विक्रेत्यांची एकत्र खरेदी आणि एकच टेंपो जमवून द्या. घाऊक बाजारात पूर्ण गोणी किंवा क्रेट उचलला तर भाव वेगळा लागतो. एकट्याला गोणीभर कोबी खपवणं जड जातं आणि सुटा घेतला की भाव मार खातो.

दुसरं, माल सांभाळायची रीत. फ्रिज मागायच्या आधी हे करा. तापमान 10 अंशांनी वाढलं की तोडलेल्या भाजीचा श्वसनवेग दुप्पट-तिप्पट होतो, म्हणजे तेवढ्या पटीने ती लवकर संपते. पालेभाजीने वजनाच्या 3 ते 5 टक्के पाणी गमावलं की ती विकण्याजोगी दिसत नाही, आणि उन्हात उभ्या गाडीवर हे दुपारभरात होतं. म्हणून सावली ही पहिली यंत्रणा. हवा कोरडी असेल तर ओलं गोणपाट किंवा वाळू भरलेलं दुहेरी मडकं छान काम करतं. दमट हवेत मात्र बाष्पीभवन फारसं होत नाही, तिथे त्यावर पैसे घालू नका. सगळा माल गारठवणं हीदेखील चूक आहे. पालक-मेथीला 0 अंशांच्या आसपासची थंडी आणि भरपूर ओलावा मानवतो; केळी 13 अंशांखाली काळी पडतात, टोमॅटो 10 अंशांखाली चव आणि रंग गमावतो. आणि पिकलेली केळी पालेभाजीशेजारी ठेवू नका, त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. गाडीच्या दोन टोकांना दोघांना ठेवलं, एवढ्यानेही घट उतरलेली मी पाहिली आहे. गोणीऐवजी प्लास्टिकचे क्रेट दिलेत तर खालचा थर दबणं थांबतं. निधीतली माझी पहिली खरेदी क्रेटची असते. त्याचं उद्घाटन करायला कोणी येत नाही ही एक सोय.

जाता जाता, गोठवलेल्या भाज्यांना नाक मुरडू नका. मटार, घेवडा तोडल्यावर काही तासांत उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. चार-पाच दिवस फिरून आलेल्या ‘ताज्या’ मालापेक्षा त्यात क जीवनसत्त्व कमी असतं असं नाही. ज्या किराणा दुकानात फ्रीझर आहे तिथे हा सर्वांत कमी घटीचा माल. कडधान्यांचंही तेच, त्यांना तर वीजही लागत नाही.

नगरपालिकेकडे जागेपेक्षा मोठी ताकद असते, ती परवान्याची. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराने 1993 मध्ये अन्नपुरवठ्यासाठी स्वतंत्र खातं काढलं. शहराच्या चांगल्या चालणाऱ्या जागा त्यांनी विक्रेत्यांना कमी भाड्याने दिल्या. बदल्यात दोन अटी घातल्या: वीसेक ठरावीक वस्तू शहराने बांधलेल्या भावात विकायच्या, आणि शनिवार-रविवारी भाजीचा ट्रक घेऊन टोकाच्या गरीब वस्त्यांत जायचं. मला ही युक्ती फार आवडते. मध्यवर्ती जागेवरच्या कमाईतून कडेच्या वस्तीचा तोटा भरून निघतो आणि दरवर्षी अनुदानाची याचना करावी लागत नाही. तुमच्या पालिकेला एकरकमी निधीपेक्षा हे मागा. निदान संध्याकाळी त्या चौकात गाडी उभी केली तर उचलली जाणार नाही, एवढं लेखी घ्या. उलट बाजूने, वाईट खाण्यावर बंदी घालून काय होतं याचाही अनुभव आहे: लॉस एंजेलिसने 2008 मध्ये शहराच्या दक्षिण भागात नव्या स्वतंत्र फास्ट फूड दुकानांना मनाई केली. 2015 मध्ये आलेल्या अभ्यासात तिथला लठ्ठपणा वाढतच राहिलेला दिसला.

मळ्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर तुमच्या गटातल्या काहींचा जीव जडलेला असणार. चार जणांना वर्षाला 580 किलोच्या वर फळं-भाज्या लागतात. मन लावून केलेल्या बागेत चौरस मीटरला वर्षाला चार किलो धरले, तरी एका घराला सुमारे 145 चौरस मीटर जमीन हवी. 1500 घरांचा गुणाकार तुम्हीच करा. मळा जरूर करा, पण मुलांना टोमॅटो झाडावर दिसावा, शेजारी एकमेकांशी बोलावेत, कोथिंबीर-मिरची घरची मिळावी यासाठी करा. आणि वाफे घालण्याआधी मातीतलं शिसं तपासून घ्या. जुन्या रंगाच्या इमारती आणि मोठे रस्ते यांच्या कडेला ते सापडतं, आणि लहान मुलं मातीत खेळणार आहेत.

आता वही. चार आठवडे, आठवड्यातले निदान तीन दिवस. वस्तीत आज कोण, कुठे, किती वाजता काय विकतं. कोणत्या थांब्यावर संध्याकाळी किती माणसं उतरतात. चाळीसेक घरांत जाऊन विचारा, पण ‘तुम्हाला भाजी हवी का’ असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. काल रात्री काय शिजलं आणि त्यातलं काय कुठून, कोणी, कधी आणलं, हे विचारा. स्वयंपाकाला किती वेळ होता, फ्रिज आहे का, शेवटी कुठली भाजी फेकली गेली, हेही. उत्तरं तिथल्या तिथेच लिहून घ्या. मग गाडी सुरू झाली की रोज रात्री तीनच आकडे: किती आणला, किती विकला, किती फेकला. भाजीच्या नावासकट.

फेकलेला आकडा सलग तीन आठवडे 10 टक्क्यांच्या आत राहिला, आणि माल साडेआठलाच संपतोय, लोक परत जातायत असं दिसलं, तर पालिकेच्या त्या जागेचं कुलूप उघडा. त्याआधी ती क्रेट ठेवायला वापरा.